अपेक्षा : अनुरूप

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवर, चिप्सच्या दुकानाच्या डोक्यावर
माझं ऑफिस. दोन टेबलं, एक हीटर
आणि साहेबांनी लंडनहून पाठवलेला तक्ता :
नोकरी शोधणारे चार प्रकारचे असतात.
हिरवे, उतावीळ. पिवळे, चाचपणारे.
निळे, नोकरीत असून नजर फिरवणारे.
राखाडी, वेळ खाणारे.
खाली बारीक अक्षरांत :
राखाडींवर तीन मिनिटांहून जास्त घालवू नयेत.

मला वडिलांची वही आठवते.
सांगलीत ते वधूवर सूचक मंडळ चालवायचे,
दर रविवारी दहा ते एक.
वर्ण गव्हाळ, उंची पाच-दोन, गोत्र, नाडी,
आणि शेवटच्या रकान्यात सगळ्यांचं एकच :
अपेक्षा अनुरूप.
पेनाला टोपण लावत ते म्हणायचे,
खरं सांगायचं नसलं की लोक हा शब्द लिहितात.

इथे लिहितात, टीम प्लेयर.

सोमवारी ऑड्रा आली, जेवणाच्या सुट्टीत,
बाहीला हॅडॉकचा वास.
"सहज आले," म्हणाली.
सहज कुणी एवढा जिना चढत नाही.
'सध्याची नोकरी सोडण्याचं कारण'
या ओळीवर तिनं पेन टेकवलं
आणि टेकवूनच ठेवलं,
शाईचा ठिपका वाटाण्याएवढा होईपर्यंत.
निळी, मी लिहिलं.

कॅलमला नोकरी नकोच होती.
त्याला माझी सही हवी होती, भत्ता चालू राहावा म्हणून.
राखाडी. तीन मिनिटं.
चौथ्या मिनिटाला त्यानं माझा हीटर उलटा केला,
खिशातल्या नाण्यानं कसलासा स्क्रू पिळला,
आणि तीन हिवाळे खरखरणारा तो
गप्प झाला.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

डेरेक व्रॅग टाय बांधून आला.
कोल्ड स्टोरेजच्या रात्रपाळीसाठी, टाय.
"वय विचारायची तुम्हाला परवानगी नाही,
म्हणून मीच सांगतो. एकसष्ट."
मग हात टेबलावर ठेवले, उताणे,
जसा भाजीवाला माल मांडतो.

हिरव्यांचं मात्र कोडं होतं.
कोल्ड स्टोरेजला चौदा हिरवे पाठवले,
दुसऱ्या शुक्रवारपर्यंत नऊ गायब.
साहेब म्हणाले, निष्ठा नाही हल्ली लोकांत.
मी नवांना फोन लावले. सहांनी उचलले.
एकीची आई आजारी, एकाला थंडी सोसेना,
आणि चौघांनी सांगितलं तेच :
पाळी सहाला, पहिली बस सहा बावीसला.
अंधारात, गोदीच्या वाऱ्यात पन्नास मिनिटं चालत.
दहा दिवस जमतं हो. अकराव्या दिवशी पाय ऐकत नाहीत.

म्हणजे आम्ही छत्तीस गुण जुळवत बसलो
आणि मांडवापर्यंत यायला रस्ताच नव्हता.

मी फॉर्ममध्ये एक ओळ घातली, कुणाला न विचारता :
तुमची बस किती वाजता येते?
कोल्ड स्टोरेजच्या मॉरीन थॅक्रेबाई आधी फणकारल्या,
मग वेळापत्रक बघून गप्प बसल्या.
पाळी साडेसहाला आली.
पुढच्या बारांतले अकरा अजून आहेत, डेरेकसुद्धा.
बारावी बेकरीत लागली,
आणि फोन करून सांगून गेली.
सांगून कुणी जात नाही आमच्याकडे.

कॅलम परत आला गुरुवारी.
सहीसाठी नाही म्हणाला, हीटर बघायला.
मी त्याला बसवून घेतलं.

आता साडेपाच. खालून तेलाचा वास चढतोय.
दुसऱ्या खिडकीत माझाच अर्ज उघडा आहे,
सहा महिने झाले, लीड्सच्या एका कंपनीचा.
तक्त्याप्रमाणे मीही निळी.
'ही नोकरी का हवी?' या चौकटीत
अनुरूप लिहिलं, पुसलं.
कर्सर लुकलुकतोय.
स्क्रीनवर शाई पसरत नाही,
नाहीतर कुणीतरी
ठिपका बघून ओळखलं असतं.