फुटामागं एक सूत

उद्यमनगरातल्या बोळात, लेथच्या घरघरीत,
हिंदुराव मिस्त्रींच्या पाठीमागं
दोन पट्ट्या टांगलेल्या असत.
एक खरी.
दुसरी फुटामागं एक सूत लांब,
आणि कामाची तीच.

"बीड गार होताना अंग चोरतंय,"
बाबा सागावर रंधा मारत सांगायचे,
"म्हणून पॅटर्न आधीच वाईच मोठा करायचा.
हवं तेवढंच मापलंस, तर पदरात कमी पडतंय बग."

चौथीत मी चुकून लांब पट्टी शाळेत नेली.
बाईंनी माझा चौकोन मोजला, लाल फुली मारली.
मी म्हणाले, बाई, गार झाल्यावर बरोबर येईल.
अख्खा वर्ग हसला.
बाबा हसले नाहीत. पट्टी पुसून खिळ्याला लावली.

एकदा तेही चुकले.
आईच्या मांडणीची फळी लांब पट्टीनं कापली,
आणि साग काही केल्या आकसेना.
शेवटी भिंतच खरवडली.
तिथला गिलावा अजून पडतो, पिठाच्या डब्यावर.

रंध्याच्या साली बंबात जायच्या.
पंपाच्या, इंजिनाच्या चाकाच्या,
चरकाच्या दात्यांच्या उरल्यासुरल्या गोलाईवर
आमचं अंघोळीचं पाणी तापायचं.
धुरालाही सागाचा वास.
रात्री उसाच्या फडातून टुक टुक ऐकू आलं
की बाबा कूस बदलून म्हणायचे, आपलंच हाय.
नसेलही. आम्ही मान्य करायचो.

पॅटर्न जायचा हुसेन मुजावरांकडे, भट्टीवर.
ते त्याच्याभोवती वाळू ठोकून बसवायचे,
बाळंतिणीला पांघरूण घालावं तशी, चारी बाजूंनी,
मग लाकूड अलगद काढून घ्यायचे.
राहायची ती पोकळी.
आमच्या घरानं विकली ती खरं तर पोकळीच.

वाळू लांबून ट्रकनं यायची, गव्हाळ रंगाची.
रस पिऊन पिऊन काळी व्हायची.
"आता ही मेली," मुजावरमामा म्हणायचे,
आणि मेलेली वाळू कुणालाही फुकट.
आमच्या जोत्याखाली तीच भरलीय.
बोळातले खड्डे तिनंच बुजले.
आईनं तिच्यात अबोली लावली, दोनदा,
मग नाद सोडला.
मी फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीनं ओढत हिंडायचे,
त्याला दाढी फुटायची.

आता मी शिरोलीत, काचेच्या केबिनमध्ये.
कुठल्या देशात धावतात माहीत नाही
अशा ट्रकांचे ब्रेक ड्रम काढते.
आकसण्यासाठी एक चौकट असते, तीत भरायचं
१.०१
आणि एंटर.
सगळा ड्रम पडद्यावर श्वास घेतल्यासारखा फुगतो.
पलीकडं मशीन पांढरा ठोकळा कोरतं.
त्याचा भुसा कशाचाच वास देत नाही.
पोत्यावर छापलंय, जाळू नये.
पोती साठत जातात. बंबही आता उरला नाही.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन गेले.
ते पडद्याजवळ वाकले,
कडेच्या गोलाईवरून अंगठा फिरवला,
काचेवर तेलकट डाग उमटला.
"गार व्हायला जागा ठेवलीस न्हवं?"
ठेवली, बाबा.
"आणि वाळूला?"

मी म्हणाले, ते खातं वेगळं आहे.
त्यांनी मान डोलावली,
पटलं म्हणून नाही,
ऐकू आलं म्हणून.

सुटल्यावर फाटकाबाहेर थांबलो, रिक्षा येईपर्यंत.
कुंपणाला लागून काळा ढिगारा, माझ्याहून उंच,
पायथ्याला कुणाचा तरी भोपळ्याचा वेल
पानं आत दुमडून चाललेला.
ढिगाऱ्यावर एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं,
थंडीचे दिवस, वाळू अजून कोमट.
बाबांनी वाकून मूठभर उचलली,
मुठीत धरून ठेवली रिक्षात बसेपर्यंत,
बसल्यावरही.