तेहतिसावा

जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या मिलमध्ये
दोन तारांची एक जोडी फिरते
फर्नेसपासून वजनकाट्यापर्यंत,
अंबाडीची दोरी पिळावी तशी पिळलेली.
तिच्यावर एकतीस मीटर. आणि एसीच्या खोलीत, टोकाला,
एक विचारणारा.
तो नंबर घेतो. ज्याचा घेतला तोच बोलतो,
बाकीचे गप.
एवढी शिस्त आमच्या कँटीनमध्ये कधी पाहिली नाही.

मंगळवारी शेठ म्हणाले, नव्या कूलिंग टॉवरलाही एक लाव,
स्टोअरमध्ये जुना पडलाय.
लावला. नंबर दिला बत्तीस.
नंबरांना काय तोटा, दोनशे सत्तेचाळीसपर्यंत वाटता येतात;
पण नंबर देणं वेगळं
आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतका जोर
बोलणाऱ्याच्या आवाजात उरणं वेगळं.
विचारणारा धरून बत्तीस, असं हिशेबात बसतं.
हा तेहतिसावा.

बुधवारी पहाटे सव्वीस अडखळला.
मग एकोणतीस. मग वजनकाट्याकडचा एकतीस
तापात बरळावं तसे भलतेच आकडे सांगू लागला.
नवा मात्र ठणठणीत.

मी टोकं तपासली. दोन्हीकडे एकशेवीस ओहमचे रेझिस्टर
जागच्या जागी. ते नसले
की शब्द टोकाला आपटून माघारी येतो
आणि आपल्याच पुढच्या शब्दात घुसतो.
शिल्ड पाहिली, अर्थिंग पाहिलं, स्पीड निम्मा केला.
रिपीटर पुण्याहून यायचा, आठ दिवस.
शेठचा रिपोर्ट रोज सकाळी नऊला.

कडुबा खरात शिडी धरून उभा होता.
म्हणाला, "साहेब, नऊ नंबर कोन्ता हो?"

नऊ. जुनी शेड, तिसरा स्टँड.
चार वर्षं बंद. पत्र्यावर बाभळीची फांदी टेकलेली,
आणि मीटर चालू.
दर दोन सेकंदांनी त्याला विचारलं जातं,
तो सांगतो: शून्य.
रिपोर्टात तो कॉलम मीच लपवला होता
आणि विसरलो होतो.

कडुबा तिथं चिमट्यावर होता. लाल सळई धावत यायची,
तिचं तोंड पकडून पुढच्या रोलात घालायची.
डाव्या मनगटावर एक रात्र अजून आहे.
"काढा त्याला," तो म्हणाला,
"काहून उगं जागा अडवायची?"
मी स्क्रू सैल करत होतो तेव्हा
तो बाभळीकडं बघत होता.
तारांना तारा जोडल्या, टेप गुंडाळली.

सव्वीस बोलला. एकोणतीस. एकतीससुद्धा, नीट.

संध्याकाळी स्क्रीनवर नऊच्या समोर
लाल अक्षरात: उत्तर नाही.
यादीतून ती ओळ काढायची राहिलीच.
विचारणारा अजून हाक मारतो,
थोडा थांबतो,
मग दहाकडं जातो.