कोमट बॉनेट

उणे सव्वीस. आणि बॉनेट कोमट.

सकाळी चाळीस मिनिटं मी
थंडर बे शहराला उगाच फेऱ्या घातल्या.
बंदरावरून, धान्याच्या त्या कोठारांवरून
जिथं एकतीस वर्षं गहू मोजला,
हायवेच्या तोंडापर्यंत, पुन्हा मागे.
कारण गार असताना
दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना
ही गाडी अडखळते,
ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना
तसा एखादा थांबतो, तशी.
तापली की मग लोणी.

इर्या म्हणाली होती,
विचारलं तर सांग.
नाही विचारलं, तर गोठलेल्या लोखंडाला
आपण होऊन जीभ कशाला लावायची?

मार्लिसनं उजवा हातमोजा काढला,
तळवा बॉनेटवर ठेवला. जरा जास्तच वेळ.
"लांबून आलात?"
फॉर्मवर माझा पत्ता होता. पलीकडची गल्ली, तिसरं घर.
"नाही, इथूनच," म्हटलं.
तिनं काहीतरी लिहिलं. पुढं विचारलं नाही.

मग वाकून टॉर्च मारला खाली.
चाकावरच्या गंजाला रविवारी मी काळा रंग फासला होता,
तिनं तो नखानं खरवडला,
नखाकडे पाहिलं.
माझ्याकडे नाही.
मी खिशात मूठ आवळून उभा.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
हातमोज्यातली तर आणखीच.

तिनं आकडा सांगितला. चार हजार दोनशे.
मला वाटलं होतं त्याहून सहाशे जास्त.

कमी सांगितला असता ना,
तर गप्प बसलो असतो.
फिटंफाट म्हणून सही केली असती,
घरी येऊन निवांत झोपलो असतो.
जास्तीच्या सहाशेनं घात केला.

"गार असताना तिसरा गिअर सटकतो," मी म्हणालो.
"दोन हिवाळे झाले.
बर्फ वितळायला लागलं की मागच्या दारात पाणी शिरतं.
उजवा दिवा मूळचा नाही. हरीण आलं होतं आडवं.
विम्याला कळवलं नाही.
हरीण वाचलं. म्हणजे, गेलं तरी चालत.
आणि तो रंग..."
"पुरे," मार्लिस म्हणाली,
"एवढं लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही."

अकराशे कापले.
इर्यानं कॉफी ओतली. अर्धाच कप.

गुरुवारी बसथांब्यावरून दिसली ती.
धुतलेली, पुसलेली, पहिल्या रांगेत.
काचेवर पाटी: एकच मालक. निर्दोष.
म्हणजे मी सांगितलेलं सगळं
त्या टेबलाच्या खणातच राहिलं होतं,
माझे अकराशे मात्र बाहेर येऊन
पाटीवरच्या आकड्यात बसले होते.

एक तरुण बाई तिच्याभोवती फिरत होती,
एका हातात बाळाची खुर्ची,
मागच्या सीटवर मावते का बघत.
आणि मागच्या नळीतून पांढरा धूर,
सावकाश, घरच्यासारखा.
कुणीतरी आधीच तापवून ठेवली होती.

माझी बस आली. दार उघडलं.
ड्रायव्हरनं पाहिलं माझ्याकडे, दार मिटलं, गेली.

मी रस्ता ओलांडला.
गाडी आता माझी नव्हती,
मालक म्हणून बोलायला तोंड नव्हतं,
गिऱ्हाईक तर नव्हतोच.
काचेमागे मार्लिस फोन कानाला लावून उभी,
बोलता बोलता थांबलेली.

बाईनं हातमोजा दातांनी ओढून काढला,
तळवा बॉनेटवर टेकवला,
आणि हसली.
"काय छान ऊब आहे हिला!"

"हो," मी म्हटलं.
"तेच सांगायला आलोय."