दोन हात मागं

बोगदा ओलांडला तेव्हा साडेअकरा झाले होते.
बाबालाल मुलाणींचा डावा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून स्टिअरिंगवर मी.
मागं हौद्यात गिअर ऑइलचा बॅरल,
दोरानं आवळलेला, तरी वळणावर कण्हणारा.

चाळकेवाडीच्या पठारावर
सत्तेचाळीस नंबरची पवनचक्की संध्याकाळपासून गप्प.
टॉवर चढणं माझं काम.
टॉवरपर्यंत पोचणं आजवर त्यांचं.

"डांबर हाय तवर टू एच, मॅडम.
मागची दोन ढकलत्यात, पुढची दोन वळत्यात.
उगं चौघांना जुंपू नका."
आणि खिशातल्या भाजक्या शेंगा
एका हातानं फोडत बसले,
टरफलं डॅशबोर्डवर ओळीनं मांडत.

सज्जनगडाचा फाटा गेला.
ठोसेघरच्या पुढं धुकं काचेला नाक लावून.
मग डांबर संपलं,
तांबडा मुरूम, त्यावरून धावतं पाणी.

"थांबा. उतरा. हब फिरवा."

जुनी गाडी.
पुढच्या चाकांच्या मधोमध तळहाताएवढी चकती,
ती हातानं फिरवली नाही
तर आत लिव्हर कितीही ओढा,
पुढची चाकं पाहुण्यासारखी नुसती सोबत येतात.
चिखलात गुडघे टेकले.
डावीकडची सहज फिरली.
उजवीकडची पान्यानं, शिवी हासडून.
काचेतून आवाज आला,
"शिवी बराबर हाय. पाना उलटा धरलाय."

फोर एच.
गाडीचा आवाज घशातून पोटात गेला.
मघाशी शेपूट हलवणारी मागची बाजू
एकदम शहाणी.
यात तीस-चाळीसनं जाता येतं,
चालत्या गाडीत लिव्हर टाकता येतो,
"पण चाकं सरळ असताना. वळणावर न्हाई."

टॉवरखालचा शेवटचा चढ
पावसानं खरवडलेला, जांभा उघडा, दातासारखा.
"आता?"
"आता पुरतं थांबायचं. न्यूट्रल. मग फोर एल.
हे चालता चालता हुत न्हाई."
खालून खड्डाक्.
पहिला गिअर, पाय नुसता टेकवलेला,
इंजिन बोंबलतंय
आणि शेजारची कारवी जागची हलत नाही.
"घाई असंल तवा हे घ्यायचं न्हाई.
अवघड असंल तवा घ्यायचं."

मला इथं काहीतरी मोठं सुचू लागलं होतं,
माझ्या घराबद्दल, आईच्या अबोल्याबद्दल.
पण ते फक्त गाडीबद्दल बोलत होते,
आणि मागचं डावं चाक
खोबणीवर अधांतरी गरगरत होतं.

"हिला डिफ लॉक न्हाई. लॉक म्हंजे मी,"
म्हणत ते उतरले, मी नको म्हणेपर्यंत
जांभ्याचा चिरा एका हातानं लोटत लोटत
चाकाखाली.
प्लास्टर तांबडं झालं.

तीन वाजून दहा मिनिटांनी पाती फिरली.
धुक्यात दिसली नाहीत,
डोक्यावरून कोणीतरी गोधडी झटकावी
तसा आवाज मात्र आला.

उतरताना पुन्हा फोर एल, ब्रेकवरचा पाय उचलून;
मुरमावर फोर एच;
मग डांबर, आणि माझ्या डोळ्यांत झोप.

ठोसेघरखालच्या आवळ वळणावर
स्टिअरिंग ताठलं.
पुढची चाकं अडखळत उड्या मारू लागली,
खाली काहीतरी कटकन.
लिव्हर ओढला, निघेना.

"दोन कोस गप बसलो," बाबालाल म्हणाले.
"सांगून कळत न्हाई, हाताला लागावं लागतं.
वळणावर चारी चाकं येगयेगळी वाट चालत्यात.
चिखल असला की थोडं घसरून मिटतं.
कोरडं डांबर कुणाला घसरू देत न्हाई.
मग पीळ बसतो आत, लोखंडाला."

"आता काय करू?"

"दोन हात मागं घे, पोरी."

रात्रभर मॅडम होते.
रिव्हर्स टाकला.
गाडी मागं सरकली, हलकेच, दोन हात, तीन,
आणि लिव्हर लोण्यातून निघाला.
उतरून हब सुटे केले,
चकत्या अजून कोमट होत्या.

तेवढ्यात साताऱ्याहून पहिली एसटी वर आली,
दिवे लावून, अख्खा रस्ता अडवत.
तिला वाट द्यायला
आम्ही आधीच मागं सरलेलो होतो.