ईओ

माझ्या भावाला स्वतःचं नाव सांगता यायचं नाही.
गिगो. दोनच अक्षरं.
पण पहिलाच ग दारात गाढव अडावं तसा अडायचा
आणि आम्ही मागून ढकलायचो, मी, आई, शेजारची मारो:
सावकाश, गिगो. श्वास घे, गिगो.
ढकलून गाढव कधी हललंय?

सहाचा होता. तेलावीच्या खालच्या आमच्या गावात
द्राक्षतोडणीआधीचा आठवडा, रांजण धुवायचे दिवस.
वाइनचे आमचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले,
आत बारकं माणूसच उतरू शकतं.
एल्गुजा आजोबांनी त्याला दोर बांधून सोडला,
हातात चेरीच्या सालीचा कुंचा.
वर आम्हाला नुसतं खसखस घासणं ऐकू येत होतं.
मग ते थांबलं.
मग आतून एक हाक. कुणाला, कोण जाणे.

वर आला तो दोघं होऊन.
"हा ईओ," म्हणाला, एका दमात.
नावात एक व्यंजन नाही,
ठेच लागायला दगडच नाही.

तेव्हापासून पावाचं कुरकुरीत टोक ईओचं.
तो ते बाजूला ठेवायचा
आणि थोड्या वेळानं ईओला विचारून स्वतः खायचा.
ईओ म्हणतो, सूप खारट झालंय.
ईओ म्हणतो, अक्रोड नुत्सानं लपवलेत.
ईओ म्हणतो, बाबांचा फोन आला की आई आधी तोंड धुते.
सगळं स्वच्छ, सरळ.
दुभाष्याची जीभ कशाला अडेल?
बोलणं दुसऱ्याचं, चूकही त्याचीच.

आई आधी पाद्र्यांकडे गेली, मग शहरात डॉक्टरीणबाईंकडे.
बाईंनी विचारलं, ईओला खुर्ची आणू?
"ईओ म्हणतो, तो उभाच बरा."
बाईंनी तसं लिहून घेतलं, अगदी गंभीरपणे,
आणि आईला म्हणाल्या:
पोर चालायला शिकतं तेव्हा भिंत धरतं ना?
तुम्ही भिंतीशी भांडू नका.

मी भांडले.
दहा वर्षांची होते, मला कुणी भिंत दिली नव्हती.
पुलावर थांबून म्हटलं, ईओ पडला नदीत.
मी पाहिलं. बुडाला.

गिगोनं खाली पाण्यात पाहिलंच नाही.
माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"ईओ म्हणतो, तुला कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटलीत पावाचं टोक होतं.
आमच्या पावाला टोकं दोनच असतात.

तो नऊचा झाला त्या वर्षी बाबा पोलंडहून आले.
अंगणात लांब मेज, मटण, चुर्चखेलांच्या माळा,
एकामागून एक पेले उचलणं,
प्रत्येकाचं दोन शब्द बोलणं.
काका हसत म्हणाला, आता ईओच्या वतीनं कोण?

गिगो उभा राहिला.
आम्ही त्या ओळखीच्या दोन शब्दांची वाट पाहत होतो.
"ग," तो म्हणाला.
"ग... ग... गि..."

अकरा हात हवेत, अकरा पेले.
आईचे ओठ हलले, मी तिचा पाय दाबला.
कुणीही ढकललं नाही.
"गिगो म्हणतो," तो म्हणाला,
आणि मग गेलेल्या सगळ्यांसाठी बोलला,
एल्गुजा आजोबांसाठी, कुत्र्यासाठीसुद्धा,
दर दुसऱ्या शब्दाला ठेचाळत,
इतका वेळ, की मटणावरची चरबी पांढरी पडली.
बाबांचा हात थरथरत होता. खाली आला नाही.

ईओचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही.
पाव अजून मधूनच मोडतो तो.

परवा रांजण धुवायला काढले.
मी आता त्या तोंडातून आत मावत नाही,
पाणी ओतायच्या आधी नुसती वाकले
आणि सहज त्याचं नाव घेतलं.
दोन्ही ग खालीच राहिले.
बाकीचं वर आलं.