विसावा

उचगाव फाट्यावर, पंक्चरच्या दुकानाला टेकून
एक दगड आहे, कमरेएवढा.
मोनाप्पा त्यावर ट्यूब वाळत घालतो.

ट्यूब बाजूला केली की इंग्रजी अक्षरं:
इथून अमुक साहेब फुग्यात बसून वर गेले.
सालातला शेवटचा आकडा
उसाच्या ट्रॉलीनं नेला.

इथल्या पाट्यांना डांबर लागलं,
धुतलं, परत लागलं.
दगडाला कुणी शिवलं नाही.
त्याची भाषा ना आमची, ना त्यांची.

साहेबाचं नाव आहे, हुद्द्यासकट.
दोर धरायला वीस गडी होते,
ते नाहीत.
हाक आली तशी एकोणीस जणांनी हात सोडले.
विसावा माझा खापरपणजा, भरमा.

दोन माड उंच गेला म्हणतात.
खाली रताळ्याचं रान, ओली माती,
म्हणून वाचला. एक पाय तेवढा
जन्मभर आखूड.
कुणी विचारलं तर एवढंच सांगायचा:
"सोडूस इसरलो की रं."

घरात यावर अजून हसतात.
मीही हसायचे.
काल खाचांतून बोट फिरवत खाली आले
तर शेवटच्या ओळीनंतर
चार बोटं जागा कोरी,
तासून गुळगुळीत केलेली.

मोनाप्पानं दुसरी ट्यूब घमेल्यात बुडवली.
बुडबुडे आले.
"हितनं जातंय बघ वारं," म्हणाला,
आणि अंगठा दाबून धरला.
गिऱ्हाईक हाका मारत होतं,
त्यानं सोडला नाही.