ओल्यात की सुक्यात

कंदी करंजाखाली तीन फेऱ्या मारते,
चौथ्या फेरीत कंबर वाकवते
आणि किल्ल्याकडे बघत राहते,
जणू पुढच्या प्रकाराशी तिचा काही संबंध नाही.

मी पेपर घेऊन उभी.
पहिलं पान चालत नाही, त्यावर माणसं हसत असतात.
निधनवार्तांचं तर नाहीच,
परवा त्यात आमच्या डेपोतले जंगमसाहेब होते.
उरतं राशिभविष्य.
आज कन्येला अचानक धनलाभ.

पहिल्या आठवड्यात पुडी बांधून घंटागाडीवर गेले.
गाडीतल्या बाईनं हातमोज्यात ती तोलली
आणि विचारलं, "हे ओल्यात की सुक्यात?"
एकतीस वर्षं मी एसटीच्या आरक्षण खिडकीत बसले,
खिडकीजवळची सीट, अर्धं तिकीट, मागची तारीख,
सगळ्याला उत्तर होतं.
इथं म्हटलं, "कुत्र्याचं आहे."
"ते कळलं," ती म्हणाली.
गाडी गाणं वाजवत पुढच्या गल्लीत गेली
आणि पुडी माझ्याच हातात.

म्हणून हा खड्डा.
गोडोलीची जमीन, वर वीतभर माती, खाली नुसता मुरूम,
दोन हात खोल जायला तीन रविवार आणि एक पहार.
रंगाचा रिकामा डबा, बूड कापलेला,
अंगभर खिळ्यानं भोकं, गळ्यापर्यंत पुरला.
आत वाळका पाला, मूठभर राख,
आठवड्यातून एकदा आंबट ताक आणि गुळाचं पाणी.
कुंपणावरून नलवडे: "नैवेद्य दाखवताय होय?"
दाखवते म्हटलं, प्रसाद पाठवू का?
मेथीच्या वाफ्यापासून लांब,
बोअरपासून त्याहून लांब.
वर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड.

झाकण पहिल्यांदा आपटलं
तेव्हा मी दचकले नाही. ओळखलं.

व्यंकटपुऱ्यात आमच्या घरामागे बोळ होता,
बोळाच्या भिंतीत गुडघ्याएवढं पत्र्याचं दार.
सकाळी सातला ते वाजायचं.
टोपली ओढल्याचा आवाज, मग राख टाकल्याचा,
मग परत पत्रा.
आई म्हणायची, आतच थांब.
एकदा थांबले नाही.
मोरीच्या झरोक्यातून एक कोपर दिसलं,
हिरवं काकण, एकच,
आणि ती टोपली डोक्यावर गेली तेव्हा
मी झरोका लावून घेतला.
दिवाळीला फराळ वरूनच सोडायचा, तिच्या पदरात.
एखादा लाडू बोळात पडायचा.
तो तिनं उचलला का, हे बघायला कुणी थांबत नसे.
नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं.
"आली वाटतं," हेच नाव.

परवा मी गाडी थांबवून विचारलं,
"तुमचं नाव काय हो?"
तिनं हातमोजा काढला नाही.
"कशाला? तक्रार करायचीय?"
नाही नाही म्हणेपर्यंत ड्रायव्हरनं गिअर टाकला,
गाणं सुरू झालं,
आणि त्या गाण्यावरून तिनं ओरडून काहीतरी सांगितलं.
शालन. किंवा मालन.
उद्या परत विचारीन.
बहुतेक विचारीन.

कंदी खड्ड्याशी जाते, हुंगते, शिंकते,
स्वतःचा माल तिला आता ओळखू येत नाही.
पाला काळा पडलाय, डबा दोन बोटं खाली बसलाय.
मी खुरपं धुते. हात धुते.
साबण लावून परत धुते.
स्वच्छ झालेत, मला कळतं,
तरी तिसऱ्यांदा नळाकडे निघालेला हात
कंदी मधेच अडवते
आणि चाटून ओला करते.